काचेवरचं हिरवं

"उपाशी मारायचं ठरवलंयस का रे त्यांना?"

मागून आवाज आला आणि काच घासणारा देन्सियोचा हात जागच्या जागी थांबला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे बोलले ते तातयच. तातय म्हणजे त्याचे सासरे; ते घरी येऊन तीन आठवडे झाले होते आणि तेवढ्या दिवसांत त्यांच्या तोंडून 'हो', 'नको' आणि 'मीठ दे' यापलीकडे शब्द निघाला नव्हता. खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून ते बसत आणि खालच्या गल्लीकडे बघत. बघत म्हणजे डोळे तिकडे असत एवढंच. आणि आता एकदम एवढं मोठं वाक्य, तेही ठणठणीत. देन्सियोच्या मुठीत दात घासायचा जुना ब्रश होता, कोपरापर्यंत हात फिशटँकमध्ये बुडलेला होता आणि घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. साडेतीनला बायकोचा, फेलिसाचा फोन येणार. तिथे जेद्दाच्या इस्पितळात तिची सकाळच्या चहाची सुट्टी, इथे मरिकिना शहरात रविवारची दुपार. ती नर्स म्हणून तिकडे गेल्याला दीड वर्ष झालं होतं, आणि दीड वर्षात एकही रविवार त्याने असा चुकवला नव्हता. आधी टेबल पुसायचं, मग खुर्च्या, मग ही काचेची पेटी आतून-बाहेरून इतकी लख्ख करायची की फोन समोर धरला की आत पाणी आहे की नाही कळू नये, मासे नुसते हवेत तरंगताहेत असं वाटावं. फेलिसा म्हणायची, "काय चकाचक ठेवलंयस रे!" तेवढ्या बोलण्यावर त्याचा पुढचा आठवडा निघायचा.

"दिवसातून दोनदा घालतो खायला, तातय," तो म्हणाला. "डब्यातलं. महागातलं आहे."

"डब्यातलं तू खा." म्हातारबाबा खुर्चीचा हात धरून उठले, पेटीजवळ आले, वाकले. "त्यांचं जेवण काचेवर उगवतं. ते तू दर रविवारी खरवडून मोरीत ओततोस. पान वाढलं की लगेच विसळून टाकायचं, तसं चाललंय तुझं." मग बराच वेळ ते मोजत राहिले. ओठ हलत होते. "सात," ते म्हणाले. "सात आहेत खरे. पण यातले सहा माझ्या तळ्यातले नाहीत. ती शेपटी फाटलेली एवढी माझी."

दहा महिने जे कुणाला कळलं नव्हतं ते या माणसाला उभ्या उभ्या कळलं होतं. हे मासे शोभेचे नव्हतेच. हागोनोयला, समुद्रकाठच्या खाऱ्या तळ्यांत, बांगुस नावाचा खायचा मासा पाळतात, आणि बांगुससाठी तळाशी जे शेवाळ पिकवतात ते चोरून खाणारे हे करंगळीएवढे मातकट जीव; पोट सदा फुगलेलं, म्हणून तिकडे त्यांना पोटुशीच म्हणतात. चाळीस वर्षं तातय आनाक्लेतोंनी तळ्याची राखण केली आणि या चोरांना जाळ्याने काढून बांधावर फेकलं. आणि परकरी वयाची फेलिसा तेच बांधावरून वेचून बाटलीत लपवायची. जेद्दाला जायच्या आदल्या आठवड्यात तिने त्यातले सात पिशवीत घातले, बसमध्ये मांडीवर धरून आणले. "मी येईपर्यंत सांभाळ," एवढंच म्हणाली. मागच्या पावसाळ्यात वादळाने समुद्राकडचा बांध फुटला. भरतीचं पाणी आत शिरलं ते परत गेलंच नाही. मालकाने नाद सोडला, तातयची बांधावरची खोपटी वाकली, आणि जिथे तळं होतं तिथे आता नुसताच समुद्र आहे. पण मासे मरायला लागले होते त्याच्याही आधी, मेच्या उकाड्यात. पहिला मेला त्या रविवारी देन्सियो चार दुकानं हिंडला. "सगळे सोनेरी मागतात, काळे मागतात," दुकानदार म्हणाला होता, "तुला हे चिखलाच्या रंगाचेच कशाला हवेत?" त्याने पैसे मोजले आणि पिशवी उचलली. साडेतीनला सात मासे काचेआड तरंगत होते आणि फेलिसा पडद्यावरून त्या दुकानातल्या माशालाच लाडाने म्हणत होती, "ती बघ माझी हावरट!" असं सहा वेळा झालं. दर वेळी तो आणखी जोरात काच घासत गेला. आता उरली होती ती एक, शेपटीचं टोक दुभंगलेली. पाठ वाकलेली, आणि पोटुशीचं पोट आत गेलेलं. ती गेली की फेलिसाने सांभाळायला दिलेलं काहीच उरणार नव्हतं. तिच्या बापाच्या तळ्याचंही नाही.

घासणं त्याच्या हाडात होतं. चपला-बुटांच्या कारखान्यात तो शेवटच्या टेबलावर बसायचा, जिथे जोडा दुकानात जायच्या आधी चकाकी घेतो. त्याच्या हातून गेलेल्या बुटात तोंड दिसायचं. आणि त्याच्याही आधी आईची फरशी होती. लाल मेण लावलेली. नारळाचं सोडण एका पायाखाली धरून आई कमरेतून हलत सारी खोली घासायची, कारण वडील जहाजावर होते आणि येणार होते. येणार म्हटलं की आठ दिवस आधीपासून मुलांनी फरशीवर पाय ठेवायचा नाही, भिंतीला हात लावायचा नाही. वडील यायचे ते बूट हातात घेऊन दारात उभे राहायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे, पाहुण्यासारखे. "घर कसं आरशासारखं ठेवलंयस," म्हणायचे. एका वर्षी आईला खोकला होता. वडील घरात असले की ती मागच्या अंगणात जाऊन खोकायची आणि तोंड पुसून परत यायची. पुढच्या पावसाळ्यात ती गेली तेव्हा वडील भर समुद्रात होते. देन्सियोला मेणाचा वास अजून येतो, रविवारी तीनच्या सुमारास. ते आजवर त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं? घर स्वच्छ होतं एवढंच.

"आता काय करू?" त्याने विचारलं.

"सगळं उपस," तातय म्हणाले. "आणि तो ब्रश टाकून दे. मला बघवत नाही."

त्या रविवारी त्याने फोन स्वतःच्या तोंडासमोरच धरला. उजेड बरोबर नाही, म्हणाला. मासे जुन्या पाण्यासकट, फिल्टरमधल्या स्पंजासकट बादलीत गेले होते, आणि रिकामी पेटी खिडकीबाहेरच्या सज्जात आडवी पडून तापत होती. तातयनी ती तीन दिवस तशीच ठेवली. तळं आधी वाळवायचं असतं, तळाला भेगा पडेस्तोवर. मग त्यांनी उशाचा बिस्किटांचा डबा आणला. देन्सियोला वाटलं होतं त्यात कागदपत्रं असतील. निघाले मातीचे पोपडे, राखाडी, जुन्या रंगासारखे वळलेले. "बांध फुटायच्या आधीचे," म्हातारबाबा म्हणाले. "मेल्यासारखं दिसतं. पण ऊनपाणी मिळालं की उठतं." पोपडे त्यांनी बोटांनी चुरले. ती बोटं बघण्यासारखी होती. जाड, नखं चिरलेली, आणि चुरताना इतकी हलकी की वाटावं कुणाच्या पापणीवरचं काही काढताहेत. तळावर मातीचा पातळ थर, त्यावर मूठभर जाडं मीठ. "आता कोंबडीची शीट हवी. सुकी."

खालच्या मजल्यावर आलिंग बास्योनच्या नवऱ्याचे झुंजीचे कोंबडे होते, गल्लीत पाय बांधून ठेवलेले. बाई स्वभावाने तिखट. देन्सियो कागद घेऊन गेला तर कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. "तीन वर्षं वास येतो म्हणून तक्रारी केल्यास, आणि आता तेच कागदात बांधून मागतोयस? चढलीय का भर दुपारी?"

"माशांसाठी हवीय. सासऱ्यांनी सांगितलंय."

"फेलिसाच्या वडिलांनी? ते बोलतात?" तिचे हात कमरेवरून खाली आले. "मग ने बाबा. तो लाल्या नुसता बसून असतो, त्याची ने. परवा हरलाय मेला, निदान याचा तरी उपयोग होऊ दे." आणि तो जिना चढत असताना खालून ओरडली, "तातयना म्हणावं, हवी तेवढी आहे! लाजू नका म्हणावं!"

चिमूटभर शीट फडक्यात बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवली गेली. दोन दिवस उघड्यावर ठेवलेलं नळाचं पाणी देन्सियो तांब्याने ओतायला लागला, आणि तेव्हा तातय गायला लागले. तो दचकलाच. उपासाचा महिना चालला होता; ख्रिस्ताच्या यातनांची गाथा गावोगावच्या देवळांत या दिवसांत गातात, कडव्यामागून कडवं, एक जण उचलतो, दुसरा झेलतो. हागोनोयला ती उचलणारा आवाज चाळीस वर्षं यांचाच होता, हे फेलिसाने सांगितलं होतं. पण तो आवाज असा असेल हे तिलाही सांगता आलं नसतं. मोठा नव्हता, गोडही नव्हता. जरा फाटका होता. कडव्याचं शेवटचं अक्षर ते लांबवत न्यायचे, आणि ते संपतंय असं वाटतानाच त्याच्या पोटातून पुढचं कडवं वर यायचं. दोन कडवी झाली तसा त्यांनी हात वर केला. "बस. आज एवढंच पाणी." समुद्राचं पाणी आत घ्यायला तळ्याची फळी उघडायची तेव्हाही असंच. पहिल्या दिवशी दोन कडवी, चौथ्या दिवशी पाच, पौर्णिमेच्या भरतीला बारा. घड्याळ त्या खाऱ्या हवेत सहा महिन्यांत गंजायचं. "आणि देवाचं नाव घेऊन सोडलेलं पाणी घाई करत नाही," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. खालचे दोन दात नव्हते. देन्सियोला वाटलं, या माणसाने चाळीस वर्षं एक समुद्र गाण्याने मोजून आत घेतला आणि गाण्यानेच थांबवला, आणि मी त्याला तीन आठवडे विचारत होतो, तातय, टीव्ही लावू का.

चौथ्या दिवशी तळावर तपकिरी साय आली. सकाळी कारखान्यात जाताना तो पेटीकडे न बघता बूट घालायचा, आणि तरी हाताला खाज सुटायची, फडकं शोधणारी खाज. सहाव्या दिवशी साय सोनेरी दिसायला लागली, आठव्या दिवशी तिच्यात हिरवं शिरलं आणि काचेवर चढलं. आधी मागच्या, मग बाजूच्या.

"ही समोरची तरी पुसू?" त्याने विचारलं.

"तीपण राहू दे."

"मग दिसणार काय, तातय?"

"कुणाला?" म्हातारबाबांनी साधेपणाने विचारलं.

दुपारच्या उन्हात त्या हिरव्यावर बारीक बुडबुडे धरायचे, मोहरीहून लहान, हजारो. आणि मग एखादा तुकडा त्या बुडबुड्यांच्या बळावर तळापासून सुटून हलके हलके वर यायचा, उलटा होऊन पाण्यावर पसरायचा. तळ्यावर याला लबलब म्हणतात. सुट्टीच्या दिवशी देन्सियो सज्जात उकिडवा बसून ते बघत राहिला. ना कुणी पेरलेलं, ना कुणी बोलावलेलं. कोंबड्याची घाण, मूठभर मीठ आणि सगळ्यांना फुकट मिळणारं ऊन, एवढ्यावर हे उठून उभं राहिलं होतं, आणि जवळून बघितलं तर एकच हिरवं नव्हतं ते; मखमल होती, धागे होते, तांबूस ठिपके होते, त्यांच्यातून हलणारे पांढरे कणभर जीव होते. इतकं सगळं तो दर रविवारी ब्रशने काढून टाकत होता. त्याला आईच्या फरशीची आठवण झाली. तिच्यावर आठ-आठ दिवस कुणी पाऊल टाकलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारीही त्याने फोन तोंडासमोरच धरला. या वेळी फेलिसा हसली नाही. "पेटी का नाही दाखवत? गेल्या दोन वेळीही नाही दाखवलीस. देन्सियो, काय लपवतोयस? तातय बरे आहेत ना? खरं सांग, तातयना काही झालंय?" तिचा आवाज चिरकला. मागे कुणीतरी चाकाची खाट ढकलत नेली. त्याने घाईघाईने फोन तातयकडे फिरवला. म्हातारबाबा भाकरीसारखा गोल पाव कॉफीत बुडवत होते. "मी आहे," ते म्हणाले, "खातोय." फेलिसा रडायलाच लागली, आणि सुट्टी संपली. फोन बंद झाल्यावर तातयनी पाव संपवला, बोटं पुसली. "मला तिने विचारलं तर मी खरं सांगेन," ते म्हणाले. "तिने मला विचारायच्या आत तू सांग."

त्याच संध्याकाळी शेपटी फाटलेली बादलीच्या तळाला कुशीवर झाली. रोज अर्धं पाणी तो बदलत होता तरी. कल्ले तेवढे हलत होते. देन्सियो गुडघ्यांवर बसला. "तातय, आता घालू या तिला आत. एवढं पिकलंय."

"नाही. खताचा उष्मा अजून उतरलेला नाही. आत्ता घातलीस तर भाजेल."

"पण ही मरतेय!"

"दिसतंय मला." म्हातारबाबाही शेजारी बसले, गुडघे कडकड वाजवत. सज्जातून लबलबीचा एक तुकडा त्यांनी चिमटीत आणला, ओंजळभर साध्या पाण्यात तीनदा धुतला आणि बादलीत अगदी तिच्या तोंडाशी नेऊन धरला. हात बुडवून, न हलवता. ज्या हातांनी चाळीस वर्षं तिच्या जातीला बांधावर उन्हात फेकलं ते हात. "खा गं चोरटे," ते पुटपुटले. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने तोंड उघडलं, एकदा, आणि मिटलं.

असं चार दिवस तिला भरवून शुक्रवारी सातही जण पेटीत गेले. गेले ते दिसेनासेच झाले. चारही काचा हिरव्या, पाणी हिरवं. कधी एखादी सावली हलल्यासारखी वाटे, कधी तेही नाही. शनिवारी त्याने बॅटरी लावून बघितलं, वरून वाकून बघितलं. मेलेली वर तरंगली नव्हती, एवढंच हाताशी होतं. रविवारी साडेतीनला फोन वाजला तेव्हा त्याने टेबल पुसलेलं नव्हतं. त्याने फोन सरळ पेटीसमोर धरला.

फेलिसा पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "हे काय?"

"लबलब आहे. तातयनी केलंय. फेलिसा, ऐक, मध्ये बोलू नकोस. तू दिलेल्या सातातले सहा मेले. मी मारले. दर रविवारी पुसून पुसून, तुला छान दिसावं म्हणून. मग दुकानातून आणून ठेवले. तुझी एकच राहिलीय."

"कधीपासून?"

"मेपासून."

"म्हणजे दहा महिने मी दुकानातल्या माशांना बघून रडतेय? त्यांना नावं ठेवलीत मी, मूर्खा! खोलीतल्या तिघींना फोटो दाखवलेत, माझ्या बापाच्या तळ्यातले म्हणून!" ती खरोखर चिडली होती. ती अशी चिडलेली त्याने दीड वर्षात ऐकली नव्हती. रविवारी ती फक्त गोड बोलायची. "आणखी काय काय पुसून ठेवलंयस?"

त्याने सांगितलं. खांदा भरून येतो, रात्री झोप लागत नाही, घरी आल्यावर दिवा न लावता बसतो. सांगताना आवाज नीट राहिला नाही. तातय खिडकीकडे तोंड करून बसले होते. ऐकत नाही असं दाखवायला त्यांनी एक कडवं गुणगुणायला घेतलं होतं, पण त्यांचा सूर मध्येच थांबत होता. पलीकडून फेलिसा म्हणाली, "मलाही इथे बरं नसतं रे. पावडर लावून बसते मी फोनसमोर." आणि मग, बारीक आवाजात, "माझी कुठाय? जिवंत आहे?"

"माहीत नाही. दिसत नाही."

"सहा मिनिटं आहेत माझ्याकडे. थांबते."

तो हात लांब करून उभा राहिला. खालून कोंबडा आरवला. उन्हाची तिरीप पेटीवर सरकत होती आणि समोरची काच मखमलीसारखी भरीव, आंधळी हिरवी दिसत होती. एक मिनिट गेलं. दोन. तातयचं गुणगुणणं बंद झालं होतं. खुर्ची करकरली, ते मागे येऊन उभे राहिल्याचं त्याला त्यांच्या श्वासावरून कळलं. मग त्या हिरव्यात, अगदी मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी उजळलं. आतून कुणीतरी टोचल्यासारखं. पुन्हा टोचलं. बारीक ओठ काचेला टेकले, कुरतडून मागे सरले, आणि तेवढ्या भोकातून पाणी दिसलं, स्वच्छ. भोक रुंद होत गेलं, घासाघासाने. त्यातून एक काळा, गोल डोळा येऊन गेला. मग मातकट कूस सरकत गेली, पोट भरीव, आणि तिच्यामागून शेपटी. दुभंगलेली.

"फेलिसा," तो कुजबुजला.

तिचं बोट पडद्यावर, कॅमेऱ्यावरच टेकलं असावं. त्याच्या फोनवर सगळं गुलाबी, अंधुक झालं होतं. खांद्यातून कळ निघायला लागली, हात खाली यायला लागला. तातयनी मागून त्याच्या कोपराखाली आपला तळवा धरला.

"हलवू नका," पलीकडून ती म्हणाली. "अजून खातेय ती."